संरक्षणाचा माल आणि अप्पांची कानस

तीर्थस्वरूप आत्या,

कंबर जेवढी वाकू देते तेवढा वाकून नमस्कार. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. आता तुला बारीक अक्षरही दिसतं असं कळलं, म्हणून हे पत्र बारीक अक्षरात आणि पाठपोट लिहितोय. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे वेळेवर उठतो, जेवतो आणि एकमेकांवर ओरडतो. पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. गेले काही आठवडे मी इतके जबाब लिहून दिलेत की काहीही लिहायला घेतलं तरी शेवटी 'वरील मजकूर मी शुद्धीवर असताना लिहिला आहे' असं लिहावंसं वाटतं.

काय झालं ते सुरुवातीपासून सांगतो. आपल्या शेडमध्ये अप्पांनी आयुष्यभर बिजागऱ्या आणि कड्या केल्या, कपाटांच्या, खिडक्यांच्या, दवाखान्यातल्या खाटांच्या. मीही तेच केलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि मिरवण्यासारखंही नव्हतं. मग सरकारच्या मनात आलं की देशाच्या संरक्षणाला लागणारा बारीकसारीक माल नुसत्या सरकारी कारखान्यांत न करता खासगी लोकांना सोबत घेऊन करावा, तोही अगदी नव्या पद्धतीने. याला सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हणतात. आमच्या भागीदारीत तीन जण आहेत. सरकारी प्रयोगशाळा डोकं देते, एक मोठी कंपनी मशीन देते, आणि आम्ही भिंती, माणसं आणि पिण्याचं पाणी देतो. करारात हे सगळं फार सुंदर लिहिलंय. फक्त 'नुकसान झाल्यास' हे शब्द जिथे जिथे येतात, तिथे बाकीचे दोघे कुठे गडप होतात कोण जाणे, मी एकटाच उभा असतो. (वकिलाला विचारलं. तो म्हणाला, अशीच पद्धत आहे, आणि चहा मागवला.)

मशीन आलं तेव्हा ते दारातून जाईना. म्हणून आधी दार काढलं, मग चौकट काढली, मग भिंत काढली. आत जागा पुरेना म्हणून बिजागऱ्या दाबून काढायचे आपले जुने प्रेस भंगारात घातले. हे नीट ध्यानात ठेव आत्या, जुने प्रेस गेले. म्हणजे उद्या हे मशीन उचलून नेलं तर आपल्या शेडमध्ये उरतील चार भिंती (खरं तर साडेतीन), आणि आपल्याकडे कामाला असलेली पाच-सहा घरं बसतील घरी. त्या मशीनला धूळ चालत नाही, ऊन चालत नाही, घामट माणूस चालत नाही. त्याच्यासाठी काचेची वेगळी खोली आणि रात्रंदिवस थंडगार हवा. तुझी भाचेसून म्हणाली, लग्न झाल्यापासून आपल्या खोलीतला पंखा खडखडतोय त्याचं कोणाला काही नाही आणि याचे लाड बघा. त्या दिवसापासून मशीनचं नाव 'जावई' पडलं. आमचं काम बघायला नेमलेल्या प्रयोगशाळेच्या बाईसुद्धा आता फोनवर 'जावई कसा आहे' असंच विचारतात. त्यांच्या वरिष्ठांचा काही तरी भलताच गैरसमज झाला असणार.

या जावयाचं काम बघण्यासारखं आहे. धातूची पिठासारखी बारीक भुकटी पसरायची, वरून लेझरचा किरण फिरतो, जिथे हवी तिथे ती वितळून घट्ट होते, मग वर दुसरा थर, मग तिसरा. थरावर थर चढून वस्तू आपोआप उभी राहते. हातोडा नाही, ठोका नाही, ठिणगी नाही. अप्पा स्टूल टाकून अख्खा दिवस काचेतून बघत बसले आणि संध्याकाळी एवढंच म्हणाले की आवाजच येत नाही, मग काम चाललंय हे ओळखायचं कसं. वस्तू काय आहे ते मात्र मी तुला सांगू शकत नाही. तसं लिहून दिलंय. गोल आहे, बांगडीएवढी आहे (हेसुद्धा सांगायला नको होतं, खोडलं असं समज). ती कशात बसते ते आम्हालाही सांगितलेलं नाही. समोरच्या चहावाल्याला मात्र सगळं माहीत आहे, आणि तो रोज वेगळं सांगतो.

आता मूळ घोटाळ्याकडे येतो. तुला तुझ्या भावाची सवय माहीत आहे. आपल्या शेडमधून जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याच्या कडा अप्पा स्वतः मारतात, म्हणजे हाताला लागेल अशी धार किंवा खरखर कानशीने उतरवतात, मग पॉलिश पेपर फिरवतात, आणि शेवटी अंगठा फिरवून बघतात. अंगठ्याला काही लागलं नाही तरच तुकडा बाहेर. त्याचं कारण त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण आईकडून ऐकलंय. त्यांनी बनवलेली पहिली कडी तुझ्या कपाटाला बसवली आणि दुसऱ्याच दिवशी तुझा तळहात फाटला. त्याबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस म्हणे, आणि अप्पांनीही नाही, पण तेव्हापासून हा माणूस जगातल्या सगळ्या कडा मारत सुटला आहे. आमच्या घरातल्या चमच्यांना कडा उरलेल्या नाहीत. सुरीसुद्धा मी लपवून ठेवतो. मागे एका पाहुण्यांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि जरा डुलकी काढली. जाताना ते म्हणाले, आज चष्मा कानाला टोचत नाही, तुमच्याकडची हवा चांगली आहे.

पहिला माल तयार झाला तो शनिवारी. जावयाच्या पोटातून निघालेले तुकडे बाहेरून दाढी न केलेल्या गालासारखे खरखरीत होते. प्रयोगशाळेच्या बाईंनी ते एका पेटीत ओळीने लावले, सोमवारी गाडी येईल तोवर कोणी हात लावायचा नाही असं बजावलं आणि गेल्या. रविवारी आम्ही दोघं हिच्या भावाकडे जेवायला गेलो. अप्पा म्हणाले, मला नको ते जेवण, मी शेडमध्ये बसतो. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. अप्पा शेडमध्ये नसतात तेव्हाच मला काळजी वाटते. 'कोणी हात लावायचा नाही' हे त्यांनीही ऐकलं होतं, पण 'कोणी' म्हणजे बाहेरचं कोणी, असा त्यांचा सरळ हिशोब. शिवाय त्यांना वाटलं, पोरगी शिकलेली आहे, घाईत आहे, बिचारीचं काम अर्धवट राहिलंय. त्यांनी कानस घेतली.

सोमवारी सकाळी मी पेटी उघडली तर आतले तुकडे आरशासारखे लखलखत होते. आणि आत्या, तुझ्या भाच्याची अक्कल बघ. मला वाटलं, थंड हवेत दोन रात्री राहिल्यामुळे धातू आपोआप असा होत असेल. नवीन पद्धत आहे, आपल्याला काय कळतंय! मी हौसेने एकेक तुकडा कागदात गुंडाळला, पेटीवर 'नाजूक' असं लिहिलं (ते माझ्या मते शोभेसाठी होतं) आणि गाडीवाल्याला दिली. अप्पा बाजूलाच उभे होते. बोलले काही नाहीत. कडा मारणं ही काय सांगायची गोष्ट आहे? श्वास घेतल्याचं कोणी सांगतं का?

पुढे काय झालं ते मला तुकड्या-तुकड्याने कळलं. ती खरखर मुद्दाम ठेवलेली होती. त्या वस्तूवर म्हणे वरून दुसरं एक आवरण चढतं, आणि ते धरून राहावं म्हणून बाहेरच्या अंगावर बारीक बारीक काटे लागतात. त्यासाठी बाईंच्या माणसांनी दोन वर्षं डोकं आपटलं होतं. अप्पांनी एका रविवारात ते सगळे काटे उतरवून ठेवले. चाचणीत आवरण साबणासारखं सुळकन निसटलं. बाईंना वाटलं मशीन बिघडलं. कंपनीची माणसं आली, त्यांनी जावयाचा पेच न् पेच सोडवला आणि म्हणाली, आमच्या मशीनमध्ये दोष नाही, भुकटी वाईट आहे. भुकटीवाला म्हणाला, भुकटी उत्तम आहे, वीज वाईट आहे. वीजवाला आलाच नाही, त्यामुळे सगळ्यांचं एकमत झालं की दोष विजेचाच. मीसुद्धा मान डोलावली. तेवढ्यात प्रयोगशाळेत कोणीतरी भिंगातून बघितलं आणि त्याला कानशीचे ओरखडे दिसले. मग मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. विजेला कानस धरता येत नाही. म्हणजे माणसाने केलं, म्हणजे मुद्दाम केलं, म्हणजे घातपात.

घातपात हा शब्द कानावर पडला आणि माझी पाचावर धारण बसली. चौकशीचे साहेब आले. शांत माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात चामड्याची बॅग. त्यांनी आधी मला काचेच्या खोलीत बसवलं (पहिल्यांदाच बसलो, खरंच छान थंड आहे) आणि विचारलं, तुमचं कोणाशी वैर आहे का. मी म्हटलं, शेजारच्या शेडवाल्याशी आहे, तो टेम्पो आमच्या दारात लावतो. साहेबांनी ते लिहून घेतलं. तो शेजारी हल्ली टेम्पो लांब लावतो आणि मला बघून नमस्कार करतो. परदेशी कोणाशी बोलणं होतं का असं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मला आमच्या व्याह्यांशी बोलायलाही वेळ होत नाही. खरं सांगतो आत्या, तोवर मला कळून चुकलं होतं. कानशीचे ओरखडे म्हटल्यावर दुसरं कोण असणार! पण करारात सरळ लिहिलंय की मालात परवानगीवाचून ढवळाढवळ करणाऱ्याला पुन्हा शेडमध्ये पाऊल ठेवता येणार नाही. अप्पांना शेड बंद झाली तर ते घरात बसून करतील काय? मी गप्प बसलो.

पण गप्प बसून उपयोग झाला नाही. साहेबांनी अप्पांना बोलावलं, समोर एक गुळगुळीत तुकडा ठेवला आणि गंभीर आवाजात विचारलं, हे काम कोणाचं असेल असं तुम्हाला वाटतं. अप्पांनी चष्मा लावला, तुकडा उजेडात धरला, अंगठा फिरवला आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "माझंच. का हो, आवडलं ना?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. पुढचा जबाब मी दाराबाहेरून ऐकला. अप्पांनी कोणती कानस वापरली, कुठला पॉलिश पेपर, शेवटी कोणतं फडकं, सगळं न विचारता सांगितलं. इतका मोकळा गुन्हेगार त्या साहेबांनी नोकरीत बघितला नसेल. निघताना साहेब मला म्हणाले की घातपात नाही, फक्त निष्काळजीपणा आहे, आणि त्या निष्काळजी माणसांत मीही मोडतो. मग त्यांनी बॅग उचलली आणि तिच्या बकलावरून उगाचच दोनदा बोट फिरवलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

नंतर बाई स्वतः आल्या. त्यांनी ओरडायला हवं होतं, म्हणजे मला बरं वाटलं असतं. त्या अप्पांच्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल ओढून बसल्या आणि काटे कशासाठी लागतात ते कागदावर चित्र काढून समजावलं. अप्पांनी नीट ऐकलं. मग विचारलं, पण हे उचलताना कोणाच्या तरी हाताला लागणारच की. बाई म्हणाल्या, हाताला लागणार नाही, हात लावतच नाहीत, ते यंत्राने बसवतात. कोणाचाही हात लागत नाही अशी वस्तू असते, हे अप्पांच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. पण शिरलं. मला म्हणाले, पोरीचं बरोबर आहे, मी तिची दोन वर्षं घासून टाकली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

आता पेच असा आहे. बाईंनी वर शब्द टाकून आम्हाला अजून एक संधी मिळवून दिली आहे. दुसरा माल येत्या आठवड्यात निघणार. तो नीट गेला तर काम कायमचं आपलं, त्यालाही काही झालं तर जावई दुसऱ्या गावी. अप्पांना शेडमध्ये राहू द्यायला बाई तयार आहेत, फक्त 'मी मालाला हात लावणार नाही' एवढ्या ओळीवर त्यांनी सही करायची. अप्पा सही करायला तयार नाहीत. मी समजावलं, हिने समजावून बघितलं, बाईंनी फोन केला. ते म्हणतात, कळलंय मला सगळं, पण असल्या कागदावर मी सही करणार नाही. मला वाटलं, नुसता हट्ट. म्हणून परवा मी एक परीक्षा घेतली. नमुन्याचा एक खरखरीत तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवला, सांगितलं की अप्पा, हा असाच राहू द्यायचा आहे, आणि चहा प्यायला गेलो. ते हो म्हणाले. परत आलो तर अप्पा पेपर वाचत होते, राजकारणावर माझ्याशी नीट बोलले, आणि पेपराखाली त्यांच्या मांडीवर तो तुकडा होता, गुळगुळीत. त्यांना पत्ताही नव्हता. मी तो उचलून खिशात टाकला. मला रडू आलं गं आत्या. पन्नाशीचा माणूस मी, पण आलं.

बाकी सर्व क्षेम. तुझी भाचेसून तुला नमस्कार सांगते. डोळ्यात थेंब वेळेवर घाल आणि भांडीवालीशी भांडताना डोळे वटारू नकोस, डॉक्टरांनी मना केलंय.

तुझा,
भाचा

ता. क. एक विनंती आहे, आणि खरं तर पत्र तेवढ्यासाठीच लिहिलंय. तू सोमवारपासून आठवडाभर आजारी पड. आजार फार मोठा नको, नाहीतर अप्पा डॉक्टर घेऊन येतील. फार छोटाही नको, नाहीतर दुसऱ्या दिवशी परत फिरतील. पाय मुरगळलाय असं सांग. पाय सुजलेला दिसत नाही असं ते म्हणाले तर सूज आतून आहे म्हण. तू बोलावलंस तर ते येतील. जगात फक्त तुझंच ऐकतात. माल गेला की लगेच बरी हो.

ता. क. फोन करू नकोस. अप्पा फोनचा आवाज मोठा करून ऐकतात आणि तुला खोटं बोलता येत नाही. बोलायला लागलीस की हसतेस. पत्रच पाठव, तेही जरा वाकड्यातिकड्या अक्षरात.

ता. क. हिने पत्र वाचलं. म्हणाली, तुकडे कागदात गुंडाळून पाठवणारा कोण होता ते ठळक अक्षरात लिही, आणि पंख्याचं लिहिलंस ते बरं केलंस.

ता. क. मला बँकेत जायचंय म्हणून पाकीट चिकटवून पेटीत टाकायला अप्पांकडे देतोय. काळजी नको. दुसऱ्याचं पत्र ते कधीच उघडत नाहीत.

अक्का, पाकिटाचं तोंड नीट चिकटलं नव्हतं, कागदाचा कोपरा वर आला होता. तो आत ढकलायला उघडलं आणि सगळं वाचलं. पोराला सांगू नकोस. त्याला वाटू दे त्याचीच युक्ती चालली. तू आजारी पडू नकोस, या वयात खोटं दुखणं सांगू नये. नुसतं 'ये' एवढंच लिहून पाठव, मी सोमवारच्या सकाळच्या गाडीने येतो. सही मी हट्टाने अडवली नाही. मांडीवरचा तो तुकडा पोराने खिशात टाकला तेव्हा मी बघितलं. कधी घासला ते मला आठवत नाही. कागदावर मी सही केली असती, पण हाताने ऐकलं नसतं, आणि मग बाईपुढे खोटा ठरलो असतो. पोरीने फार मेहनत केली आहे. तिचे काटे तिच्याजवळ राहू देत. त्या पाच-सहा घरांचंही बघायला हवं. म्हणून मीच निघतो. कानस घरी ठेवून येतोय, अशी ही पहिलीच वेळ. आठवडाभर हात मोकळे राहतील, तेव्हा तुझ्याकडे जे काही टोचत असेल, लागत असेल, ते सगळं बाहेर काढून ठेव. आणि कानस कोणाकडे तरी मागून ठेव.